मिस्त्रींचा खोकला आणि ऑर्डरची वही

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. ग्रॅनाइट-मार्बल कापून ओटे, पायऱ्या, खिडक्यांच्या चौकटी बसवून देण्याचा त्यांचा घरचा कारखाना आहे. सहा वर्षांपूर्वी यजमान अपघातात गेले. तेव्हापासून बँक, माल आणि वाहतूक दीर बघतात. ऑर्डर, तारखा आणि हिशेब ताई बघतात. कामाला सात माणसं. मुख्य कारागीर राजस्थानचे, वय ४८, या शेडमध्ये बावीस वर्षं आणि त्याआधी चार वर्षं दुसरीकडे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात.

वर्षभरापासून मिस्त्रींना खोकला आहे. स्लॅब उचलताना पूर्वी ते पुढे असायचे, आता जिना चढतानाच थांबतात. दोन वर्षांपूर्वी एक्स-रेवर डाग दिसले म्हणून सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते. विचारलं की म्हणतात, "भाभी, कुछ नहीं, धूल है. गुड़ से निकल जायेगी." ताईंच्या यजमानांनी घालून दिलेला रिवाज आहे, सुट्टी होताना प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा. ताईंनी तो एकही दिवस चुकवलेला नाही.

महिन्याला वीसेक ओटे होतात. त्यातले आठ-नऊ क्वार्ट्झ या कृत्रिम लादीचे, आणि निम्मी कमाई त्यातूनच. मोठ्या कटिंग मशीनचं कर्ज अजून फिटायचं आहे. ते मशीन पाण्यावर चालतं. सिंकचं कटिंग, कडेची गोलाई आणि साइटवरची तासातासी मात्र हातातल्या कोरड्या ग्राइंडरवर होते. दिवाळीनंतर मिस्त्रींनी एकोणीस वर्षांचा पुतण्या कामाला आणला आहे. "सिंकचं कटिंग आता तोच करतो, हात चांगला बसलाय," असं ताई लिहितात.

एक्स-रे काढायला नेलं तर आपणच अडकू, असं दिरांचं म्हणणं. ताईंचे प्रश्न असे: मिस्त्रींना त्यांच्याच भल्यासाठी गावी पाठवावं का? की पॉलिशच्या हलक्या कामावर बसवावं? क्वार्ट्झ घेणंच बंद करावं का? आणि शेवटी: "मला स्वतःला कटर धरता येत नाही. सव्वीस वर्षं दगड कापणाऱ्या माणसाला मी काय सांगणार?"

प्रिय ताई,

मी डॉक्टर नाही, आणि पत्रावरून कुणाचा आजार ओळखता येत नाही. तरीही एवढं ठामपणे लिहिते, की वय ४८, सव्वीस वर्षांचं दगडाचं काम, खोकला, दम आणि जंतू न सापडता झालेला टीबीचा कोर्स हे सगळं एकत्र सांगितलंत, तर कुठल्याही छातीविकारतज्ज्ञाच्या मनात सिलिकोसिस हा शब्द येईल. दगडातल्या सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात साठून होणारा हा आजार आहे. एक्स-रेवर त्याचे डाग टीबीसारखे वाटू शकतात. गुंता असा, की सिलिकोसिस झालेल्या माणसाला टीबीही लवकर धरतो, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी असू शकतात. तेव्हाच्या डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मला फक्त एक विचारायचंय: हा माणूस दिवसभर काय काम करतो, हे त्या दवाखान्यात कुणी सांगितलं होतं का? आपल्याकडे केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' लिहितात आणि विषय तिथेच संपतो.

गुळाबद्दल लिहिताना मला जड जातंय, कारण त्या खड्यात तुमच्या यजमानांची माया आहे हे मला कळतं. गिरणीत, खाणीत, दगडाच्या शेडमध्ये सगळीकडे हा समज आहे की गूळ खाल्ला की धूळ उतरते. असं वाटण्याचं कारणही आहे. कटर चालताना जी पांढरी धूळ आपल्याला दिसते ती बरीचशी नाका-घशातच अडकते आणि खोकल्यातून बाहेर पडते. कारागिराला वाटतं, निघाली. जी निघत नाही ती मुळात दिसतच नाही. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. आत खोलवर पोचणारे कण चार-पाच मायक्रॉनचे किंवा त्याहून बारीक असतात आणि कटर बंद झाल्यावरही कितीतरी वेळ हवेत तरंगत राहतात. ते फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातात. तिथल्या पेशी त्यांना गिळायला येतात आणि स्फटिकामुळे स्वतःच मरतात. कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी येते, तीही मरते. दर वेळी थोडा व्रण राहतो आणि फुफ्फुस हळूहळू घट्ट होत जातं. काम सोडल्यावरही हा आजार वाढू शकतो, आणि झालेला व्रण पुसणारं औषध आज नाही. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो. त्या पिशव्यांशी त्याची गाठच पडत नाही. गूळ द्या, जरूर द्या. पण कुणी त्याच्या भरवशावर निश्चिंत असेल, तर त्याला खरं सांगायला हवं, आणि ते तुमच्याच तोंडून आलेलं बरं.

आता दिरांच्या भीतीकडे येते. कर्जाचा हप्ता ज्याला भरायचा असतो त्याला अशी भीती वाटणारच, तिला मी नावं ठेवत नाही. पण ती चुकीच्या जागी बसली आहे. जबाबदारी आजारातून येते, एक्स-रेतून येत नाही. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा असो की त्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता, कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत सिलिकोसिस आहे आणि तो अपघातासारखाच भरपाईला पात्र आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने तर तो सरकारला कळवायच्या आजारांत घातला होता. एक्स-रे न काढल्याने यातलं काहीच टळत नाही. टळते ती फक्त वेळेवर कळण्याची संधी. उद्या प्रश्न आला, तर कामगाराची तपासणी करून घेणारी, धूळ कमी करणारी आणि त्याची नोंद ठेवणारी मालकीण एका बाजूला असेल, आणि खोकणाऱ्या माणसाला तपासणीशिवाय गावी धाडणारी दुसऱ्या बाजूला. दिरांना हे असंच सांगा. सोबत तालुक्याच्या कामगार सल्लागाराकडे एक चक्कर मारा. माणसं दहा झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागतो; सात असताना तुमच्यावर नेमकं काय लागू होतं ते नव्या संहितांनुसार विचारून घ्या. कामगार भरपाईची विमा पॉलिसी असेल तर त्यात व्यावसायिक आजाराचं कलम आहे का तेही बघा. बरेचदा ते वेगळं मागून घ्यावं लागतं.

"त्यांच्याच भल्यासाठी गावी पाठवावं का?" या प्रश्नात तुमचा चांगुलपणा आहे. पण गावी गेल्यावर मिस्त्री काय करतील? त्यांना दगडाशिवाय दुसरं काम येत नाही. दोन महिन्यांनी ते दुसऱ्या एखाद्या शेडमध्ये, कदाचित याहून वाईट शेडमध्ये, कटर धरून उभे असतील. तिथे त्यांचा खोकला कुणाच्या ध्यानात येणार नाही. आणि तुमच्या शेडमध्ये त्यांच्या जागी पुतण्या उभा राहील. म्हणजे माणूस बदलेल, धूळ तीच राहील. पॉलिशवर बसवण्याचंही तसंच. कोरड्या पॅडने केलेलं पॉलिश हलकं दिसतं, पण त्याची धूळ अतिशय बारीक असते. शिवाय शेडची हवा एकच आहे. कोपऱ्यात बसलेला माणूसही तीच हवा घेतो, आणि तुम्ही वहीवर वाकून बसता तेव्हा तुम्हीही.

मग क्वार्ट्झ. ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्या वाचकांसाठी सांगते: क्वार्ट्झचा ओटा म्हणजे खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. दगडाचा चुरा रेझिन नावाच्या चिकट रसायनात घट्ट दाबून केलेली ती लादी असते, आणि तिच्यात स्फटिक सिलिका ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ग्रॅनाइटमध्ये जातीनुसार दहा ते पंचेचाळीस टक्के. मार्बलमध्ये अगदी थोडी. घरात बसलेला क्वार्ट्झचा ओटा कुणाला काही करत नाही, त्यावर बिनधास्त पोळ्या लाटा. धोका आहे तो कापणाऱ्याला. कॅलिफोर्नियात असे ओटे कापणाऱ्या ५२ सिलिकोसिसग्रस्त कामगारांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ सगळे लॅटिन अमेरिकेतून पोटासाठी आलेले पुरुष. निम्मे पंचेचाळिशीच्या आतले. त्यातले दहा जण तोवर मरण पावले होते. बऱ्याच जणांचं निदान उशिरा झालं, कारण आधी न्यूमोनिया किंवा टीबी समजलं गेलं. घर सोडून दूर आलेला कारागीर, मधलं वय, टीबी समजून दिलेली औषधं. ताई, हे वाचताना मला तुमचं पत्र आठवत राहिलं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून क्वार्ट्झच्या या कृत्रिम लाद्यांवर देशभर बंदीच घातली. नियम करून, पाणी-मास्क सक्तीचे करून बघितल्यानंतर ते या निर्णयाला आले, हे लक्षात घ्या.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर देते. जोवर तुमच्याकडे क्वार्ट्झवरचं एक जरी काम कोरडं होतंय, तोवर क्वार्ट्झची नवी ऑर्डर घेऊ नका. पाण्याची सगळी व्यवस्था झाल्यावर घ्यायची असेल तर घ्या, पण वर्षभरात तिचा वाटा खाली आणायचं मनात धरा, कारण पाण्यानेही धूळ शंभर टक्के मरत नाही. आणि केवळ क्वार्ट्झ बंद केलं की प्रश्न मिटला, असं मात्र समजू नका. तुमच्या मिस्त्रींची पहिली सतरा-अठरा वर्षं ग्रॅनाइटवरच गेली आहेत. गिऱ्हाइकाला पर्याय म्हणून काळा दगड पुढे करता येईल. आपण ज्याला ब्लॅक ग्रॅनाइट म्हणतो त्यातले बरेच दगड भूशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नसतातच आणि त्यांत मोकळी सिलिका कमी असते. सिलिका नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या लाद्याही आता निघाल्या आहेत. पुरवठादाराच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका, त्या लादीची सेफ्टी डेटा शीट मागा, त्यात टक्केवारी छापलेली असते.

तुमचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. कटर धरता येत नाही म्हणून मी काय सांगणार. ताई, शेडमधली किती धूळ कटरवर ठरते आणि किती तुमच्या ऑर्डरच्या वहीत, हे एकदा बघा. गेल्या महिन्याची पानं उलटा. कितीदा सिंक यायच्या आधी माप घेतलं गेलं? 'सिंक नंतर देतो, तुम्ही ओटा बसवून टाका' असं किती गिऱ्हाइकांनी म्हटलं आणि तुम्ही हो म्हणालात? त्या प्रत्येक 'हो'चा अर्थ असा होतो, की एक माणूस कुणाच्या तरी बंद स्वयंपाकघरात, बसलेल्या ओट्यावर गुडघे टेकून, कोरड्या ग्राइंडरने सिंकचं भोक पाडणार. तिथे पाणी वापरता येत नाही, कारण खाली नवीन ट्रॉली असतात. किती तारखा 'गुरुवारी नक्की' म्हणून दिल्या गेल्या, की बुधवारी रात्री मशीनवर पाळी येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता म्हणून हातानेच कापलं? ही धूळ वहीत सुरू होते. आणि वही तुमच्या हातात आहे, मिस्त्रींच्या नाही.

माझ्या घरचा ओटा झाला तेव्हा असाच एक मुलगा गॅलरीत बसून कापत होता. दार ओढून घेतलं होतं, घरात धूळ येऊ नये म्हणून. मी त्याला चहा नेऊन दिला आणि दार पुन्हा ओढून घेतलं. तो तोंडाला रुमाल बांधून त्या धुरळ्यात बसला होता आणि त्याच्याबद्दल मला काहीच वाटलं नाही, फक्त फरशी पुसावी लागेल एवढंच वाटलं. म्हणून हे गिऱ्हाइकांनाही सांगते: सिंक, शेगडी आणि नळ हातात येईपर्यंत माप घ्यायला बोलावू नका, आणि घरात कापून द्या असा हट्ट धरू नका.

उद्यापासून वहीच्या पहिल्या पानावर एक नियम लिहा: सिंक आणि हॉब (ओट्यात बसणारी शेगडी) शेडमध्ये आल्याशिवाय कटिंग नाही. माप घेताना पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायचा साचा करून आणायचा, भिंत वाकडी असेल तर तिचा वाकही त्यात उतरवायचा, आणि सिंकचं भोक, नळाचं भोक, गोलाई सगळं शेडमध्येच पाण्यावर उरकायचं. साइटवर फक्त बसवणं. भिंतीशी पाच-सहा मिलिमीटर फट राहिली तर ती डॅडोच्या, म्हणजे ओट्यावरच्या भिंतीच्या, टाइलखाली झाकली जाते, तिच्यासाठी ग्राइंडर काढायची गरज नाही. कुठे साइटवर नळाचं भोक पाडणं टळलंच नाही, तर भोवती पुट्टीचं कडं करून त्यात पाणी भरायचं आणि पाण्यातच पाडायचं.

पाण्याला मिस्त्री विरोध करतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना का नको आहे, हे विचारलंत का? मला वाटतं त्यांची कारणं खरी असतील. साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी सोडलं तर शॉक बसू शकतो. त्यांनी कुणाला बसलेला पाहिलाही असेल. पेन्सिलची रेघ पाण्याने जाते आणि कापायची जागा दिसत नाही. पायाखाली चिखल होतो, घसरायला होतं. ही अडाणीपणाची कारणं नाहीत, कामाची माहिती असलेल्या माणसाची आहेत, आणि प्रत्येकाला तोड आहे. कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारे वेट ग्राइंडर आणि पॉलिशर मिळतात, त्यात हाताशी वीजच नसते. विजेवरचंच घ्यायचं असेल तर मुळात पाण्यासाठी बनवलेलं घ्या आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) लावल्याशिवाय ते चालू करू देऊ नका. रेघेसाठी मेणाची पेन्सिल किंवा चिकटपट्टी. चिखलासाठी जमिनीला उतार, एक चर आणि तीन कप्प्यांची टाकी: गाळ खाली बसतो, वरचं पाणी परत वापरता येतं. पहिल्या कप्प्यातला गाळ ओला असतानाच काढून गोणीत भरा. तो शेडमध्ये वाळला की त्याचीच पुन्हा धूळ होते, मग दिवसभर पाणी वापरून काय उपयोग. संध्याकाळी झाडू बंद, जमीन धुवायची. आणि कपड्यांवरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची जी सवय सगळ्या शेडमध्ये असते, ती त्याच दिवशी थांबवा. उभा फर्राटा पंखाही धुळीला बाहेर काढत नाही, एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर नेतो. तुम्ही शेडच्या वरच राहता, तेव्हा कामाचे कपडे खालीच बदलून तिथेच धुतले जातील अशी सोय करा.

मास्कचा क्रम या सगळ्यानंतर. रुमाल, गमछा, साधा सर्जिकल मास्क यांचा या धुळीपुढे काही उपयोग नाही. निदान एन९५ हवा, आणि क्वार्ट्झसाठी धूळ गाळणारी काडतुसं (फिल्टर) लावायचा, नाक-तोंड झाकणारा रबरी अर्धा मास्क, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी असेल तर तो बसत नाही. 'ते घालतच नाहीत' असं म्हणण्याआधी तो मास्क मे महिन्यात पत्र्याखाली एक तास स्वतः घालून बघा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मग तुम्हीच दर तासाला दहा मिनिटांची विश्रांती द्याल आणि पत्र्यावर पांढरा रंग मारून घ्याल. किती कमी धूळही अपायाला पुरेशी आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगते: अमेरिकेतली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम सिलिका, म्हणजे बारीक मिठाच्या एखाद्या कणाच्या वजनाएवढी. डोळ्यांना स्वच्छ दिसणारी शेडही या मर्यादेच्या वर असू शकते.

पैशांचं बोलू. वीस ओटे, सरासरी ३५ स्क्वेअर फूट, म्हणजे महिन्याला ७०० स्क्वेअर फूट. दरात २५ रुपये वाढवले तर महिन्याला १७,५०० रुपये होतात. कॉम्प्रेसर, दोन-तीन हत्यारं आणि टाकी यांचा खर्च त्यातून टप्प्याटप्प्याने निघू शकेल. शेजारचा कारखाना २५ रुपये कमी घेईल आणि काही ऑर्डर तिकडे जातील, हे दिरांचं म्हणणं बरोबर आहे. क्वार्ट्झ थांबवलेल्या महिन्यांत कमाई घटेल, हेही खरं. बँकेत हप्ता मागेपुढे करून घ्यायची बोलणी आत्ताच करा, हप्ता चुकल्यावर करायला जाऊ नका. इंटिरिअरवाल्यांनाही खरं कारण सांगा. त्यातला एखादा तरी समजून घेईल. सगळे घेतील असं मी म्हणणार नाही.

मिस्त्रींना एकट्याला दवाखान्यात चला म्हणू नका, ते येणार नाहीत. त्यांना वाटेल भाभीने काढायचं ठरवलं. सातही जणांचा, तुमचा आणि दिरांचा एकाच दिवशी छातीचा एक्स-रे आणि फुंकण्याची श्वास-चाचणी करा, त्या दिवसाचा पगार द्या. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे, छातीविकारतज्ज्ञ गाठा. निघण्याआधी सगळ्यांसमोर सांगा, आणि कागदावर लिहून द्या, की रिपोर्टमध्ये काहीही निघालं तरी कुणाचं काम जाणार नाही आणि पगार कमी होणार नाही. हे पाळण्याची तयारी नसेल तर तपासणीला नेऊच नका. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात द्या. तो तुम्हाला दाखवायचा की नाही हे त्याने ठरवायचं.

मिस्त्रींच्या बाबतीत आजार निघाला तर त्यांचं धुळीतलं काम त्याच दिवशी संपलं पाहिजे, आणि विडी असेल तर तीही. पण त्यांच्याजवळ काय आहे ते बघा ना. यार्डात उभ्या स्लॅबवर बोटाच्या पेराने ठोकून आतली बारीक चीर आवाजावरून ओळखणारा तुमच्याकडे दुसरा कोण आहे? वाकड्या भिंतीचा साचा त्यांच्याइतका कोण काढील? माल निवडणं, माप, साचे, साइटवर ओटा बसवून घेणं, हे सगळं त्यांचं काम होऊ शकतं, शेडच्या बाहेर. हे उपकार म्हणून देऊ नका, मुख्य मिस्त्रीच्या पगारावर द्या. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी वेगळं धोरण केलं आहे, त्यात मदतीची तरतूद आहे. त्यांना ते लागू होतं का, हे त्यांच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात विचारायला घरच्यांना सांगा.

आणि तो पुतण्या. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणत आलो. ते घाव दगडाने सोसायचे असतात, टाकी धरणाऱ्या पोराने नव्हे. मिस्त्रींनी आपल्या आयुष्यातली पहिली सतरा-अठरा वर्षं ग्रॅनाइट कापला. हा मुलगा पहिल्याच महिन्यापासून ९० टक्के सिलिका कोरडी कापतोय. मिस्त्रींना जे व्हायला वीस वर्षं लागली असतील ते क्वार्ट्झच्या धुळीत पाच-दहा वर्षांत होऊ शकतं, म्हणजे तो तिशीचा व्हायच्या आत. बाकीच्या सगळ्या व्यवस्थेला दोन-तीन महिने लागतील, मला कळतं. पण त्याच्या हातातला कोरडा ग्राइंडर हे पत्र वाचाल त्या दिवशीच काढून घ्या. मिस्त्री स्वतःसाठी ऐकणार नाहीत कदाचित. पुतण्याच्या नावाने बोला. भावाच्या मुलाला त्यांनी विश्वासाने तुमच्या दारात आणलंय, त्याच्यासाठी ते पाण्याची नळीही धरतील आणि एक्स-रेलाही उभे राहतील.

दवाखान्यात नेताना ही चिठ्ठी मिस्त्रींच्या खिशात द्या, आकडे त्यांना विचारून बरोबर करून घ्या. अशाच शेडमधल्या दुसऱ्या कुणाला नेणार असाल, तर त्यांच्यासाठीही हाच नमुना चालेल:

'वय ४८. काम: दगड कापणे, २६ वर्षे. त्यातली शेवटची ८-९ वर्षे क्वार्ट्झही. हातातल्या ग्राइंडरने कोरडे कटिंग, रोज अंदाजे ५ तास. तोंडाला फक्त रुमाल. खोकला १ वर्ष, जिना चढताना दम. २ वर्षांपूर्वी टीबीचा ६ महिने कोर्स, तेव्हा थुंकीत जंतू नव्हते. जुना एक्स-रे सोबत आहे. सिलिकोसिस आहे का ते पाहावे, आणि टीबीचीही पुन्हा तपासणी करावी.'